बाभळीचा रिजेक्शन रिपोर्ट

ज्योतीराम बिराजदार रोज सकाळी सात दहाला व्हर्नियर घेऊन काचेच्या टाकीपुढे बसत. सात दहालाच, कारण फर्स्ट शिफ्टचा पहिला पीस सात दहाला तपासायचा असतो. चाकणच्या ज्या कंपनीत त्यांनी एकतीस वर्षं माल तपासला, तिने मे महिन्यात त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं होतं. घड्याळ दिवसाला चार मिनिटं मागे पडायचं. ज्योतीरामांनी त्याला लाल टॅग बांधून ते कपाटात ठेवून दिलं. शालीत त्यांना तीन धागे सुटलेले सापडले. नारळाबद्दल तक्रार नव्हती.

सध्या ते मोजत होते ते पोवळं होतं.

थेरगावात, डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या हॉलमध्ये चार फुटी टाकी होती. खारं पाणी, निळे दिवे, चार मासे आणि दगडांवर चिकटवलेली जिवंत पोवळी. टाकीखालच्या कपाटात आणखी एक उघडी टाकी, तिच्यात पाणी गाळलं जायचं आणि पंप ते पुन्हा वर चढवायचा. हा सगळा संसार मुलीचा, दिव्याचा. दिव्या गाड्यांच्या दिव्यांचं डिझाइन करणाऱ्या कंपनीत होती आणि सप्टेंबरअखेर चार महिन्यांच्या ट्रेनिंगला जर्मनीला गेली होती.

पोवळं हे जनावर आहे, झाड नाही आणि दगडही नाही, हे तिने घरात तीन वेळा समजावून सांगितलं होतं. सावित्रीबाईंना ते पटलं नव्हतं.

"माझ्या मंगळसूत्रातलं पोवळं तेहतीस वर्षं गळ्यात आहे," त्या म्हणत. "त्याला कधी भूक लागली नाही, की लाइट गेले म्हणून ते कधी आजारी पडलं नाही."

टाकीतलं मानाचं पोवळं म्हणजे 'बाभूळ'. फांद्याफांद्यांचं, हिरवं, टोकांना जांभळं. तीन वर्षांपूर्वी अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा होता, आता ओंजळभर झालं होतं. उदगीरजवळ मामाच्या बांधावर जी बाभूळ होती तिच्यावरून दिव्याने हे नाव ठेवलं होतं. या बाभळीची कातडी आता बुंध्यापासून सोलून निघत होती. खाली पांढराफेक सांगाडा, वर हिरवी कातडी, आणि मधे रंगाऱ्याने पट्टी लावून मारावी तशी सरळ रेघ. रेघ रोज वर सरकत होती. मंगळवारी चार मिलिमीटर, बुधवारी सात पूर्णांक दोन, गुरुवारी अकरा. काचेतून माप घेताना चूक होते हे ज्योतीरामांना ठाऊक होतं. म्हणून ते रोज त्याच जागी बसून, त्याच डोळ्याने, तीच चूक करत.

बाभूळ मेली तर काय होणार, हे फाइलच्या पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं आणि दुर्दैवाने ते त्यांच्याच अक्षरात होतं.

दिव्या जाताना टाकी निरंजनकडे ठेवायला निघाली होती. निरंजन नेवाळे तिच्याच ऑफिसातला, चिखलीचा, घरी असलीच टाकी पाळणारा. तो जूनमध्ये एकदा चहाला येऊन गेला होता. तो का आला होता हे त्याने सांगितलं नव्हतं, दिव्यानेही नव्हतं, पण ज्योतीरामांना न सांगितलेलं ओळखायचाच पगार मिळत आलेला. त्यांनी त्याच दिवशी इनकमिंग इन्स्पेक्शन, म्हणजे आलेल्या मालाची तपासणी, उरकून घेतलं. मुद्दा एक : चिखलीचे जुने गाववाले, जमिनी बिल्डरला दिलेल्या, घरबसल्या भाडं येतं, तरी मुलगा नोकरी करतो. का? मुद्दा दोन : गाववाला असून गळ्यात सोन्याची साखळी नाही. म्हणजे काहीतरी लपवतो. मुद्दा तीन : चहा अर्धा ठेवला. याचा खुलासा मिळाला नाही. निकाल : नामंजूर.

"चार महिने टाकी त्याच्या घरी? आणि मी काय मेलोय?" ते दिव्याला म्हणाले होते.

"बाबा, ही जनावरं आहेत. गिअर नाहीत तुमचे."

"गिअरने मला एकतीस वर्षं फसवलं नाही, ही काय फसवणार? लिहून देतो. यातलं एक जरी पोवळं दगावलं, तर टाकी चिखलीला जाईल, आणि त्या निरंजनबद्दल मी पुन्हा तोंड उघडणार नाही. तू म्हणशील ते."

आणि खरोखरच लिहून दिलं. तारीख, वेळ, सही. दिव्याने त्याचा फोटो काढून घेतला. ती त्यांचीच मुलगी होती.

रेघ वर चढायला लागल्यावर ज्योतीरामांनी रीतसर चौकशी लावली. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर माशाच्या काट्यासारखी आकृती काढली. डोक्यात दोष लिहायचा, काट्यांवर संशयित. कंपनीत असल्या आकृत्या काढूनच त्यांनी भल्याभल्या मॅनेजरांना घाम फोडला होता. आकृती शोकेसला चिकटवली.

"मासे तर ठणठणीत आहेत. आत्तापासून सांगाडे कशाला काढताय?" सावित्रीबाई म्हणाल्या.

पहिल्या काट्यावर सावित्रीबाईंचंच नाव होतं : सकाळ-संध्याकाळची उदबत्ती. दुसऱ्या काट्यावर फरशी पुसायचं फिनेल. तिसऱ्यावर महापालिकेची डासांची धुराची गाडी. चौथ्यावर वरच्या मजल्यावरच्या बाईंचा मिक्सर, जो सुरू झाला की टाकीत बारीक लाटा उठत. पाचव्यावर 'दिवाळीची साफसफाई', आणि तिथे पुन्हा सावित्रीबाई.

साफसफाईच्या बाबतीत त्या आधीपासून गुन्हेगार ठरलेल्या होत्या. ज्योतीरामांकडे एक भोकाचा पैसा होता, इंग्रजांच्या वेळचा. लहानपणी आईने तो त्यांच्या करगोट्यात बांधला होता. कंपनीत दर खंडेनवमीला मशीनची पूजा झाली की ते हा पैसा आपल्या तपासणीच्या टेबलावर ठेवत, हळदकुंकू वाहत, आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उचलून पाकिटात टाकत. एकतीस वर्षांत एकही ऑडिट नापास झालं नाही. याचं श्रेय ते उघडपणे टीमला देत. यंदा दसऱ्यानंतर पूजेच्या जागी पैसा सापडेना. तो सावित्रीबाईंनी दिवाळीच्या झाडलोटीत केरात टाकला, असा निकाल देऊन ते आठ दिवस बोलले नव्हते. सावित्रीबाईंना ते आठ दिवस बरे गेले, पण आरोपाचं त्यांच्या मनात राहिलं.

फिनेल बंद केलं, तरी रेघ चढली. उदबत्ती बाल्कनीत गेली, देव हॉलमध्येच राहिले, तरी रेघ चढली. मिक्सरसाठी वरच्या बाईंना लेखी पत्र दिलं. त्यांनी चटणीची वाटी पाठवली. चटणी उत्तम होती.

मग ज्योतीराम काळेवाडीला रणजीतच्या माशांच्या दुकानात गेले. रणजीतने फोनवरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि छान अभ्यासू चेहरा केला. "काका, हा बॅक्टेरिया आहे." त्याच्याकडे बॅक्टेरियाची बाटली होती. तीन दिवसांनी तोच फोटो पाहून तो म्हणाला, "काका, ही उपासमार आहे." खाण्याचीही बाटली होती. तिसऱ्या खेपेला ज्योतीराम पुड्या-बाटल्यांचा रॅक नीट पाहून म्हणाले, "रणजीतभाऊ, तुमच्याकडे बाटली नाही असा एखादा रोग असतो का हो?"

रणजीतने खरोखर विचार केला. "असेल काका. पण तो आपल्याकडे येत नाही."

शेवटी त्यांनी पाणी तपासलं. खारेपणा, तापमान, क्षार, चुना. प्रत्येक मोजणी तीनदा, सरासरी काढून, तक्त्यात भरून. सगळं बरोबर. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. सगळी मापं टॉलरन्सच्या मर्यादेत आणि माल रिजेक्ट. ते तक्त्याकडे बघत बराच वेळ बसून राहिले. सावित्रीबाईंनी समोर पोहे ठेवले. त्यांनी पोह्यांत एकही दोष काढला नाही, तेव्हा त्या घाबरल्या.

"त्या निरंजनला बोलवा," त्या म्हणाल्या.

"तो सप्लायर आहे."

"कसला सप्लायर?"

"म्हणजे... त्याचं यात हित आहे. बाभूळ मेली तर तो जिंकतो. सप्लायरला आपला दोष शोधायला बोलवत नसतात."

"मग दिव्याला फोन लावू?"

"नको!"

सावित्रीबाईंनी निरंजनचा नंबर लावून फोन त्यांच्या कानाला टेकवला. त्यांच्याकडे नंबर कसा होता, हा प्रश्न ज्योतीरामांना पडायच्या आत पलीकडून "हां काकू, बोला" आलं.

निरंजन शनिवारी दुपारी आला. अंगाने काडी, चष्मा, पाठीवर मोठी बॅग, गळा अजूनही मोकळा. आल्या आल्या त्याने कोपरापर्यंत हात धुतले. साबण लावला नाही. ज्योतीरामांनी फाइलमध्ये 'साबण नाही' अशी नोंद केली.

"साबणाचा अंश पाण्यात जायला नको म्हणून," निरंजन हात पुसत सहज म्हणाला. ज्योतीरामांनी नोंद खोडली, आणि खोडलेल्या जागी नियमाप्रमाणे सही केली.

"बसा तुम्ही," ते म्हणाले. ज्योतीराम जवळच्यांना अरेतुरे करत. अहोजाहो फक्त ज्यांचा माल परत पाठवायचा आहे त्यांना.

निरंजनने आधी पंप बंद करून पाणी शांत होऊ दिलं. मग भिंग लावून बाभळीकडे इतका वेळ पाहिलं, की ज्योतीरामांना पहिल्यांदाच आपण खुर्चीत नुसते बसून आहोत असं वाटलं.

"रंग उडालेला नाही," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "रंग उडाला तर पोवळं पांढरं दिसतं, पण कातडी जागेवर असते. ते वाचतं. हिची कातडीच गेलीय. काका, सुरुवात कुठून? टोकाकडून की खालून?"

"खालून. तेरा नोव्हेंबर. बुंधा, डावी बाजू."

"एकदम गेली की हळूहळू?"

"सरासरी रोज साडेतीन मिलिमीटर. आलेख आहे."

निरंजनने चष्म्यावरून पाहिलं. "आलेख आहे?"

"दोन आहेत."

"एका दिवसात सगळी सोलली असती तर वेगळं. ही सावकाश मरतेय. चावल्याच्या खुणा नाहीत, किडे नाहीत, अंडी नाहीत." त्याने भिंग खाली ठेवलं. "आता सांगा, काय काय मेलं नाही?"

ज्योतीरामांनी पेन खाली ठेवलं. हा प्रश्न त्यांचा होता. एकतीस वर्षं नवीन पोरांना ते हेच शिकवत आले : दोष कुठे आहे ते कोणीही सांगेल, कुठे नाही ते विचारा. त्यांच्या आकृतीत सगळे काटे होते, आणि हा नव्हता.

"मासे," ते म्हणाले. "चारही ठीक."

"आणि कोळंबी होती ना एक? लाल पट्ट्यांची?"

"ती गहाळ आहे. ऑक्टोबरपासून. माशाने खाल्ली असेल."

"आणि गोगलगायी? दिव्या बाराएक आणून सोडून गेली होती."

ज्योतीरामांनी पान उलटलं. "स्क्रॅप," ते जरा हळू आवाजात म्हणाले. "नग बारा."

"काचेवरून पटापट खाली पडल्या," सावित्रीबाई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या. "मी तेव्हाच म्हटलं यांना. हाडं असलेले सगळे जगले, बिनहाडाचे सगळे गेले. तर म्हणे, तू यात पडू नको."

निरंजनने त्यांच्याकडे पाहून मान डोलावली. तशी मान ज्योतीरामांच्या आलेखाला मिळाली नव्हती. मग त्याने बॅगेतून एक छोटी कुपी काढली.

"काका, पाण्यात तांबं गेलंय का?"

"अशक्य. या टाकीत मला विचारल्याशिवाय काही जात नाही."

"माशांना चालतं थोडं. बिनहाडाच्या जिवांना विष. आधी गोगलगायी, कोळंबी, मग पोवळी." त्याने टाकीतलं पाणी कुपीत घेतलं, दोन औषधांचे थेंब टाकले, हलवलं आणि छापील रंगांच्या पट्टीशेजारी धरलं. पहिलं घर बिनरंगाचं होतं. कुपीतलं पाणी तिसऱ्या घराशी जुळत होतं.

ज्योतीरामांनी कुपी हातात घेतली, खिडकीशी नेली, चष्मा काढून पाहिली, घालून पाहिली. "तुमच्या कुपीचं कॅलिब्रेशन कधी झालंय?"

"घरच्या टाकीचं पाणी आणलंय मी. शून्य येतं का बघू या."

शून्य आलं. पोरगा पडताळणीचा मास्टर पीस बरोबर घेऊन आला होता. ज्योतीरामांना राग यायला हवा होता, पण त्यांना कंपनीची आठवण आली.

"मग आलं कुठून? कधीपासून, ते कळलं तर..." निरंजन म्हणाला.

"त्याची काळजी नको," ज्योतीराम म्हणाले, आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या आवाजात धार आली. "रोजचा फोटो आहे. प्रिंट काढून, तारखेसह. दिव्या गेल्यापासून आजपर्यंत. पहिल्या पानापासून बघा."

त्यांनी फाइल टीपॉयवर उघडली. सव्वीस सप्टेंबर : गोगलगायी बारा. एकोणतीस : बारा. खंडेनवमीच्या तारखेला मात्र दोन फोटो होते, कारण त्या दिवशी त्यांनी टाकीची पूजा केली होती. एकतीस वर्षांची सवय होती. कंपनीत यंदा कोणी बोलावलं नाही, आणि घरात मशीन म्हणावं असं हेच होतं. फोटोत टाकीवरच्या दिव्यांना झेंडूची माळ होती. कपाटाचं दार उघडं होतं. खालच्या टाकीच्या कडेला टेकून पंपाचं जे झाकण होतं, त्यावर हळदीकुंकवाची दोन बोटं. आणि झाकणाच्या मधोमध, कुंकवात बसवलेला, भोक कॅमेऱ्याकडे, पैसा.

वरच्या बाईंचा मिक्सर सुरू झाला. टाकीत बारीक लाटा उठल्या. कपाटात पंपाचं झाकण थरथरलं, आणि पैसा त्या दिवशी कसा घसरला असेल हे तिघांनाही दिसलं.

निरंजन उठला, गुडघ्यांवर बसला, खालच्या टाकीत खांद्यापर्यंत हात घातला. थोडा वेळ चाचपत राहिला. मग मूठ बाहेर आली. तळव्यावर शेवाळासारखा हिरवा झालेला, कडा कुरतडल्यासारखा भोकाचा पैसा.

सावित्रीबाई पुढे आल्या. त्यांनी बाभळीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोणी टाकला होता हो केरात?" त्या म्हणाल्या.

ज्योतीरामांनी फाइल बंद केली. "तू नाहीस," ते म्हणाले.

"आठ दिवस!"

"आठ दिवस," त्यांनी मान्य केलं.

पुढचा तासभर निरंजन बोलत होता आणि ज्योतीराम लिहून घेत होते. तांबं दगडांत मुरलेलं असणार. टाकीचं पाणी बदलत राहायचं, तांबं शोषून घेणारी पिशवी टाकायची, पण बाभूळ इथे टिकणार नाही. वरची टोकं अजून चांगली आहेत. रेघेच्या बोटभर वर कापायची आणि दुसऱ्या स्वच्छ पाण्यात चिकटवायची.

"दुसऱ्या म्हणजे?" ज्योतीरामांनी विचारलं, उत्तर माहीत असताना.

"माझ्याकडे," निरंजन म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "काका, ही मुळात माझ्याकडचीच आहे. तीन वर्षांपूर्वी दिव्याला मीच पेरभर तोडून दिली होती. आम्ही वाटून ठेवतो एकमेकांत. एकाकडची मेली तर दुसऱ्याकडे राहते. माझी मूळची मागच्या उन्हाळ्यात गेली, आमच्याकडे दोन दिवस लाइट नव्हते. आता ही एवढीच आहे."

म्हणजे तीन वर्षं हॉलमध्ये नेवाळ्यांचा माल होता आणि सप्टेंबरपासून ज्योतीराम त्याला खाऊ घालत होते. जूनच्या चहाच्याही आधीपासून! इनकमिंग इन्स्पेक्शन किती उशिरा झालं होतं, ते आत्ता कळलं.

"कापा," ते म्हणाले.

पाच टोकं निघाली. पाच डब्यांत, पाण्यात बुडवून, बॅगेत. निरंजन निघताना दारात म्हणाला, "काका, उद्या दिव्याचा व्हिडिओ कॉल असतो ना? मीही असेन त्यावर. मी बघतो काय सांगायचं ते. तुम्ही काळजी करू नका."

ज्योतीरामांनी काळजी केली नाही. पैसा चिंचेने घासला, पुसला आणि पाकिटात ठेवला. फाइलचं पहिलं पान एकदा वाचलं. लिहिलेलं होतं 'दगावलं तर'. पाच टोकं जिवंत होती. दगावलं म्हणता येईल का, यावर त्यांनी जेवताना बराच विचार केला. कंपनीत असा विचार करणाऱ्यांना त्यांनी पाणी पाजलं होतं.

रविवारी दुपारी टीपॉयवर फोन उभा केला. एका चौकोनात दिव्या, टोपी-स्वेटरमध्ये. दुसऱ्या चौकोनात चिखलीहून निरंजन. दिव्याने टाकीकडे कॅमेरा न्यायला सांगितला. बाभळीच्या जागी पांढरा खुंट पाहून ती स्क्रीनच्या अगदी जवळ आली. ज्योतीरामांनी तिचा चेहरा पाहिला. एवढी वर्षं लाल पेटी भरली, पण रिजेक्ट झालेल्या मालाच्या मालकाचा चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. तो माल ट्रकने जायचा.

"कशाने गेलं?" तिने विचारलं.

"लाइट जात होते गं," निरंजन पटकन म्हणाला. "तापमान हललं, क्षार हलले. नक्की कारण नाही सांगता येत. असं होतं कधीकधी. काकांनी तर खूपच नीट..."

"खोटं आहे!" ज्योतीराम ओरडले.

दोन्ही चौकोन दचकले. सावित्रीबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"अरे, लाज आहे का तुला? 'नक्की कारण सांगता येत नाही'? हा काय रिपोर्ट झाला? कारण हातात आलंय, तू स्वतः काढलंयस, आणि वर लिहितोस कारण माहीत नाही? माझ्या हाताखाली असतास तर गेटबाहेर काढलं असतं!"

"काका, मी म्हटलं..."

"काही म्हणू नको. बस. मी वाचतो."

त्यांनी चष्मा लावला, फाइल उघडली आणि उभं राहून वाचलं. दोषाचं वर्णन, तारीख, वाढीचा वेग, दुय्यम पुरावे : कोळंबी नग एक, गोगलगायी नग बारा. तात्पुरती उपाययोजना. मग 'मूळ कारण' आलं. एकतीस वर्षं त्यांच्याकडे या ओळीत 'कामगाराची चूक' लिहून येई आणि ते लाल पेनने खोडत. माणसाची चूक हे मूळ कारण नसतंच, ती चूक होऊ कशी दिली ते लिहा. त्यांनी तेच लिहिलं होतं.

"मूळ कारण : खालच्या टाकीला झाकण नव्हतं."

"आणि?" सावित्रीबाई म्हणाल्या.

"आणि पंप थरथरत होता."

"आणि?"

ज्योतीरामांनी चष्मा काढला. "आणि त्याच्यावर पैसा ठेवला. मी. भोकाचा. तांब्याचा. पूजा म्हणून. दिव्या, तुझी बाभूळ मी मारली."

दिव्याने नाक पुसलं. मग म्हणाली, "आईवर आळ घेतला होता ना त्या पैशाचा?"

"हो."

"माफी मागितलीत?"

"रिपोर्टच्या शेवटच्या रकान्यात आहे. 'पुन्हा होऊ नये म्हणून.'"

"वाचून दाखवा," सावित्रीबाई म्हणाल्या. वाचून दाखवावं लागलं. त्यांनी दोनदा वाचून घेतलं.

"बाबा," दिव्या म्हणाली, "पहिल्या पानावर काय लिहिलंय, आठवतंय ना?"

"फोटो आहे तुझ्याकडे. मी कशाला आठवू?"

ती हसली. फोन ठेवल्यावर सावित्रीबाई म्हणाल्या, "त्याला अरेतुरे केलंत."

"कोणाला?"

"काही नाही."

आठवड्याने शनिवारी ज्योतीराम व्हर्नियर आणि फाइल घेऊन चिखलीला पोहोचले. तोंड उघडायचं नाही असं लिहून दिलं होतं. मोजायचं नाही असं लिहिलं नव्हतं. वर्कशॉपच्या रांगा संपल्या की नेवाळ्यांचं घर, खाली गाळे, वर कुटुंब. दारात निरंजनची आजी अंबुबाई खुर्ची टाकून बसली होती.

"व्हय, तुमीच का ते पैसा टाकनारं?" ती म्हणाली.

"पडला तो," ज्योतीराम म्हणाले.

"आमी बी इंद्रायनीत टाकतो की. पन तिथं पानी वाहतं."

टाकीत पाचपैकी दोन टोकं गेली होती. तीन उभी होती. ज्योतीराम गुडघ्यावर बसले आणि व्हर्नियर लावला. एका टोकाची कातडी खालच्या गोंदावर उतरत होती, पातळ हिरव्या सायीसारखी. शून्य पूर्णांक चार मिलिमीटर. त्यांनी पुन्हा मोजलं. शून्य पूर्णांक चार. त्यांनी निरंजनला बोलावून त्याच्याकडून मोजून घेतलं. निरंजनने वाचलं शून्य पूर्णांक पाच. त्यांनी त्याला डोळा कुठे ठेवायचा ते दाखवलं. मग त्यालाही चार आलं.

खिशातून त्यांनी पिवळा टॅग काढून टाकीच्या कडेला दोऱ्याने बांधला.

"ह्यो कागुद कसला?" अंबुबाईने विचारलं.

"आजी, लाल म्हणजे परत पाठवा, हिरवा म्हणजे बरोबर. पिवळा म्हणजे अटींवर घेतलंय. लक्ष ठेवायचं."

"कुनाला घ्येतलंय? झाडाला का पोराला?"

ज्योतीराम फाइल चाळत राहिले. जूनचं पान निघालं. मुद्दा एक निकाली काढला : नोकरी करतो, बरंच आहे. मुद्दा दोनही. तिसरा अजून उघडा होता.

"आजी, हा आमच्याकडे चहा अर्धा ठेवून गेला होता. कारण कळलं नाही."

"दुधाचा च्या पचत न्हाई त्याला. ल्हानपनापास्नं. तुमच्याकडं अर्धा पिला? मंग घरी येऊन रातभर पोट धरून बसला असंल!"

ज्योतीरामांनी निरंजनकडे पाहिलं. तो चष्मा पुसत होता. त्यांनी तिसऱ्या मुद्द्यापुढे बरोबरची खूण केली, तारीख घातली, सही केली.

"आरं, मानसाला जेवायला वाढा," अंबुबाई आत ओरडली. "बाकीचं मागनं तपासत बसंल."